रेशनवर धान्य मिळतं, मग दुष्काळात शेतकऱ्याच्या घरी खायचे हाल कसे होतात?

हाच प्रश्न मला पुण्यातल्या मित्रांनी तोंडावर विचारलाय, त्यामुळे जरा चिडूनच लिहितोय. आमचं गाव बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. शेती कोरडवाहू.

रेशनवर प्राधान्य कुटुंबाला (म्हणजे सरकारी यादीतल्या गरीब कार्डधारकाला) माणशी महिन्याला 5 किलो मिळतं, तेही बहुतेक गहू-तांदूळ. रानात राबणाऱ्या माणसाचा त्यात पंधरवडा निघतो. डाळ-तेलाचं काय? भुकेनं कुणी मरत नाही, कबूल. पण घरचं दूध सगळंच्या सगळं डेअरीला जातं, वरणात डाळ शोधावी लागते आणि बाया मागून उरलंसुरलं खातात. याला हाल म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आता आमच्या घरचं ऐका. आजोबांच्या काळात वाड्यात ज्वारीचं पेव होतं, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. दोन सालं पुरेल एवढी ज्वारी घरात ठेवल्याशिवाय आजोबा एक पोतं आडतीला घालत नसत. काका कर्ते झाले आणि सगळं रान कापसाखाली गेलं. पेव बुजवून वर फरशी टाकली. काका म्हणायचे, "दाण्याचं काय, पैसे टाकले की बाजारात मिळतात." आई म्हणत होती, खालचं एक वावर तरी ज्वारीला राहू द्या. तिला कोण विचारतं!

2012 ला पाऊस गेला. कापूस गेला. मग ज्वारीही विकत आणि कडबाही विकत. ज्वारीची कणसं भरली नाहीत तरी ताटं जनावराच्या दावणीला येतात, पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, सरपणच होतं. चारा छावणी उघडेपर्यंत बैल तगेनात, म्हणून जोडी आठवडी बाजारात नेली. सगळा तालुकाच बैल विकायला आलेला, व्यापारी म्हणेल तो भाव. उरलेल्या गाया घेऊन आई उन्हाळाभर छावणीत राहिली, मी भाकरी पोहोचवायचो.

2013 ला पाऊस बरा झाला. गावात सगळे म्हणाले, सुटलो. आमच्याकडे पेरायला बैल नव्हते. भाड्याच्या ट्रॅक्टरची पाळी येईपर्यंत वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, गेला, पेरणी लांबली, बी-खत उधारीवर. ती उधारी फिटते न फिटते तोच 2014 च्या सुरुवातीला गारपीट, आणि पुढची दोन सालं पुन्हा कोरडी. एका सालाच्या दुष्काळानं घर खाली बसतं ते असं. शेजारचं जोडपं मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलं, पोरं म्हाताऱ्यांपाशी ठेवून. त्यांच्या पोरीचं लग्न दहावीच्या आधीच उरकलं.

योजनांचं म्हणाल तर बहात्तरच्या दुष्काळात लोक खडी फोडून, सुकडी आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन जगले. पुढे 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला, ते या राज्याचं मोठं काम आहे. पण आज मजुरी खात्यात पडायला वेळ लागतो आणि किराणावाला तोवर थांबत नाही.

माझं स्पष्ट मत: वर्षाची ज्वारी घरात येईल एवढं रान राखल्याशिवाय कापसाला हात लावू नये. काका आजही म्हणतात, पाऊसच नव्हता तर ज्वारी कुठून आली असती? त्या साली नसतीच आली, काका. आधीच्या दोन सालांची पेवात असती.

हां, ज्यांना रानच नाही त्यांना हे लागू नाही. दुष्काळात आधी तेच मोडतात, कारण शेतात कामच निघत नाही. आणि ज्वारी उपटायला मजूर मिळत नाहीत, हाताला फोड येतात, भावही कापसाएवढा नाही, हे मलाही कळतं. सगळ्या रानात पेरा असं मी म्हणतच नाहीये. आईही एकच वावर मागत होती.