पंपावर पंप, तरी गाडी चालू होईना

प्रश्न : माझ्याकडे 2004 सालची डिझेल पिकअप आहे, जुन्या पद्धतीच्या पंपाची. रविवारी घरीच डिझेल फिल्टर बदलला. गाडी लगेच चालू झाली, मिनिटभर चालली आणि खोकत खोकत बंद पडली. आता सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. शेजारी म्हणतात, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचे नट सैल कर. भावाची गाडी कॉमन रेलची (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) आहे, तिचाही फिल्टर बदलायचाय. काय करू? – एक कांदा उत्पादक, सटाणा

उत्तर : दादा, आधी सेल्फ मारणं थांबवा आणि बॅटरी चार्ज करून घ्या. गाडीनं एअर धरलीय. मिनिटभर चालली ती पंपात आणि नळ्यांत उरलेल्या डिझेलवर. मागून आली रिकाम्या फिल्टरमधली हवा. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पंप मग हवेचा फुगाच दाबत बसतो आणि नोझल उघडण्याइतका दाब होतच नाही.

फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा ब्लीडर स्क्रू दीड-दोन आटे सैल करा, खाली चिंधी धरा आणि हँड प्रायमर, म्हणजे डिझेल ओढायचा छोटा हातपंप, दाबत राहा. आधी ताकावरच्या फेसासारखं डिझेल येईल. घाई करू नका. बुडबुडा नसलेली अखंड धार लागली की प्रायमर दाबलेला ठेवूनच स्क्रू आवळा. मग प्रायमर कडक लागेपर्यंत पुन्हा दाबा. आता सेल्फ, पण एका वेळी दहा सेकंदच. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर स्टार्टर जळेल. चालू झाल्यावर थोडा वेळ थरथरेल, पांढरा धूर टाकेल, टाकू द्या.

पन्नास-साठ वेळा दाबूनही प्रायमर कडक होत नसेल, तर कुठूनतरी हवा ओढतेय. मी उमेदवारीत असताना असाच अंगठा सुजेपर्यंत पंप मारत बसलो होतो. उस्तादांनी येऊन फिल्टर उतरवला, डोक्याच्या खाचेतून बोट फिरवलं आणि जुनी काळी रबर रिंग काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी नवी रिंग तिच्यावरच चढवली होती! तुम्हीही आधी तिथे बोट फिरवा. नव्या रिंगला डिझेलचा हात लावा. फिल्टर हातानंच आवळा.

शेजाऱ्यांचा उपाय तुमच्या गाडीला शेवटचा म्हणून चालेल, तोंड लांब ठेवून. भावाच्या गाडीला मात्र मुळीच नाही! टायरमध्ये दोन-अडीच बार दाब असतो. कॉमन रेलमध्ये तो 1600 बारवर जातो. ती धार कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण बोट कापायची वेळ येऊ शकते. तिथे प्रायमर असेल तर तोच वापरा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर सेल्फ न मारता किल्ली ऑन करा, आतली गुणगुण थांबू द्या, बंद करा. असं तीन-चार वेळा. धक्का मारून चालू करायला जाऊ नका. कॉमन रेलच्या जास्त दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं, कोरडा फिरला की घासला.

आणि भाऊ फिल्टर भरून बसवणार असेल, तर मधल्या मोठ्या भोकातून डिझेल ओतू नका. ती गाळलेल्या डिझेलची बाजू. तिथून गेलेला कचरा थेट पंपात जातो. जुन्या फिल्टरच्या तळाशी पाण्याचा सेन्सर असेल, तोही काढून नव्याला लावायला विसरू नका. मी भंगारात गेलेले दोन शोधून आणलेत.