‘हॅव सीन’बरोबर ‘यस्टरडे’ का चालत नाही?

आपली मराठी ते चालवून घेते, म्हणून आपण चुकतो! ‘मी कालच गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) बघितलाय’ हे सोलापुरात कुणाला खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘काल’ म्हटलं की वेळ संपली, तिथे ‘आय सॉ’च. ‘अगो’, ‘लास्ट इयर’चंही तेच. प्रेझेंट परफेक्टबरोबर (म्हणजे ‘हॅव सीन’सारख्या रूपाबरोबर) आत्तापर्यंत पोचणारे शब्द चालतात. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘नेव्हर’ ही क्रियाविशेषणं ‘हॅव’ आणि क्रियापदाच्या मधे बसतात. ‘येट’ नकारात किंवा प्रश्नात, बहुधा शेवटी: ‘आय हॅवन्ट ईटन येट.’

खरी गडबड ‘सिन्स’-‘फॉर’ची, कारण मराठीत दोन्हीला ‘पासून’च. (ही तशी क्रियाविशेषणं नव्हेत, पण अडतं तिथेच.) संक्रांतीपासून म्हणजे ‘सिन्स संक्रांत’, तीन दिवसांपासून म्हणजे ‘फॉर थ्री डेज’. ‘सिन्स थ्री डेज’ नवी पेठेत सर्रास ऐकू येतं. मीही वर्षानुवर्षं तेच बोलायचो.