काट्यावरची गाडी लिस्टव्ह्यूमध्ये काहून दिसत नाही

भाऊ, जिनिंगच्या काट्यावर गाडी आली की सी प्लस प्लसच्या व्हेक्टरमध्ये (नोंदींच्या रांगेत) नोंद होते, डीबगरमध्ये दिसतेही, पण क्यूएमएलच्या (क्यूटीत स्क्रीन मांडायची भाषा) यादीत येत नाही, अ‍ॅप बंद करून चालू केलं की मंग येते, बरोबर ना? अहो, लिस्टव्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरची ती यादी, तुमच्या व्हेक्टरकडं पाहतच नाही. तो मॉडेलला, म्हणजे डेटा अन् यादीच्या मधल्या दुव्याला, विचारतो ओळी किती अन् या ओळीत काय, अन् मॉडेल स्वतःहून सांगत नाही तोवर पुन्हा विचारायला येत नाही.

म्हणून क्यूअ‍ॅबस्ट्रॅक्टलिस्टमॉडेलमध्ये (आपलं मॉडेल या क्लासवरून बनतं) गाडी टाकायच्या आधी बिगिनइन्सर्टरोज बोलवा, टाकल्यावर एन्डइन्सर्टरोज, म्हणजे नवी ओळ आली हे यादीला कळतं. शेवटी एकच गाडी जोडायची तर पहिला अन् शेवटचा नंबर सारखाच, म्हणजे गाडी टाकायच्या आधीची साइज, कारण मोजणी शून्यापासून. बरेच जण दुसऱ्यात एक वाढवतात, मंग मॉडेल दोन गाड्या आल्या म्हणून सांगते.

काही जण म्हणतील बिगिनरीसेटमॉडेल टाका, म्हणजे सगळी यादी नव्यानं वाचायला लावा, झालं काम. दिसेल बाप्पा, पण दर गाडीला सगळे डेलिगेट (एकेक ओळ दाखवणारे तुकडे) नव्यानं बनतील, निवडलेली ओळ जाईल, अन् सीझनमध्ये बाहेर कापसाची रांग लागली असताना मुनीमजी खाली जाऊन जुनी गाडी शोधत असतील तर यादी फटकन वर जाईल.

तुमची खरी गंमत दुसऱ्या तोलाला आहे. भरलेली गाडी तोलली तेव्हा नवी ओळ, पण कापूस उतरवून ती रिकामी परत आली तेव्हा ओळ तीच, फक्त रिकामं वजन भरलं जातं. तिथं डेटाचेंज्ड सिग्नल पाठवा, सोबत बदललेल्या रोलची (ओळीतल्या रकान्यांची) यादी. निव्वळ वजन त्यावरूनच काढत असाल तर त्याचाही रोल त्या यादीत पाहिजेच, नाहीतर रिकामं वजन बदलेल अन् निव्वळचा आकडा जुनाच राहील, अन् शेतकरी तर तोच पाहतो. रोलनेम्समधलं (मॉडेल रोलला जी नावं देते ती) नाव अन् डेलिगेटमधलं नाव अक्षरानं अक्षर जुळलं पाहिजे हे वेगळं सांगत नाही.

काट्याचं वजन सीरियल पोर्टवरून वेगळ्या थ्रेडमध्ये (बाजूनं समांतर चालणाऱ्या कामात) वाचत असाल तर तिथून मॉडेलला हात लावू नका, सिग्नल पाठवा, बदल मेन थ्रेडमध्येच होऊ द्या.

अन् "फक्त रिकाम्या व्हायच्या गाड्या" असं फिल्टर लावायचं असलं तर क्यूसॉर्टफिल्टरप्रॉक्सीमॉडेल (मूळ मॉडेलमधल्या निवडक ओळीच पुढं देणारं) मधात टाका. पण मंग डेलिगेटमधला इंडेक्स (ओळीचा नंबर) प्रॉक्सीचा असतो, तो सरळ व्हेक्टरला लावला तर वजन दुसऱ्याच शेतकऱ्याच्या पावतीवर चढते. आधी मॅपटूसोर्स करून मूळ ओळीचा इंडेक्स काढा, नाहीतर पावती नंबरनंच ओळ शोधा, मी तर पावती नंबरच वापरतो.