सिडनीत तलाव असलेले भाड्याचे घर घ्यावे काय?

खानापूरहून आपण विचारले आहे की, सिडनीत परसात पोहण्याचा तलाव असलेले घर भाड्याने मिळते आहे, घरी तीन वर्षांची मुलगी आहे, तर ते घ्यावे काय. घ्यायला हरकत नाही. मात्र अनामत देण्यापूर्वी तलावाचे अनुपालन प्रमाणपत्र, म्हणजे तलावाचे कुंपण नियमाप्रमाणे असल्याचा दाखला, मागून घ्या. सिडनी ज्या राज्यात आहे, त्या न्यू साऊथ वेल्समध्ये २०१६ पासून असे घर भाड्याने देताना ते लागते आणि त्याची मुदत ३ वर्षे असते.

तरीही कागदावर विसंबू नका, तलावाच्या कुंपणाचे फाटक स्वतः तपासा. ते थोडेसे उघडून सोडले, तरी आपोआप मिटून कडी बसली पाहिजे, आणि ते तलावाच्या उलट दिशेला, म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे. नव्या तलावांच्या कुंपणाची उंची किमान १.२ मीटर असते आणि खालची फट १० सेंटिमीटरपेक्षा मोठी चालत नाही. पण त्या कुंपणाला टेकून खुर्ची किंवा कुंडी ठेवली, की मुलाला पायरीच मिळते.

आमच्याकडे चूक घरातूनच झाली. आई निपाणीहून आली होती. तलावाकाठच्या फरशीवर ऊन चांगले पडते म्हणून तिने तिथे सांडगे वाळत घातले आणि सारखी ये-जा करावी लागते म्हणून फाटकाला दगड लावून ठेवला. मी बाहेर आलो, तेव्हा चार वर्षांचा मुलगा पाण्याच्या कडेला उकिडवा बसून चमच्याने पाणी काढत होता. गावच्या विहिरीला कंबरेएवढा कठडा असतो, म्हणून आईच्या मनात शंकाच आली नव्हती. इथे तलावाची कड जमिनीच्या पातळीलाच असते. शिवाय बुडणारे लहान मूल बहुधा ओरडत नाही, त्यामुळे 'आवाज आला की धावू' हा हिशेब इथे उपयोगाचा नाही. तलावाजवळ मुले असतील, तेव्हा एका मोठ्या माणसाने हातातला फोनसुद्धा बाजूला ठेवून त्यांच्याकडेच पाहत बसावे. जेवणावळीच्या दिवशी ही जबाबदारी नाव घेऊन सोपवा, नाहीतर सगळे जण दुसरा पाहतो आहे असे समजतात.

उन्हाळ्यात हवा भरून वापरायचा तलाव घ्यायचा मोह होईल. त्यात ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी मावत असेल, तर त्यालाही कुंपण लागते, हे दुकानात कोणी आवर्जून सांगेलच असे नाही.

प्रथमोपचाराचा वर्ग दोघांनीही निघण्यापूर्वी बेळगावातच करा. बुडालेल्या माणसाला छातीवर ३० दाब आणि तोंडाने २ श्वास, हा क्रम हाताला सवयीचा झाला पाहिजे. रुग्णवाहिकेसाठी इथला क्रमांक ००० आहे, तो आई-वडिलांनाही पाठ करून द्या.