शिबिरातल्या कार्यकर्त्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन आणि काळ्या दिनाची जुनी केस

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी विचारलंय: "आमच्या युवक मंडळाचं दरवर्षी एप्रिलमध्ये निवासी बालशिबिर असतं, शाळेच्या हॉलमध्ये. मी सेक्रेटरी आहे. यंदा काही पालक म्हणतात की सगळ्या कार्यकर्त्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन करा. आमचा जो सगळ्यात मेहनती पोरगा आहे त्याच्यावर काळ्या दिनाच्या (1 नोव्हेंबर, सीमाभागातल्या मराठी लोकांचा निषेधाचा दिवस) फेरीतली केस आहे, कलम 143 आणि 147, तेव्हा तो पीयूसी सेकंड इयरला (बारावीला) होता, अजून तारखा पडतात. दुसरे एक जण लेझीम शिकवतात, बरीच वर्षं कोल्हापूरला होते, ते म्हणतात गावच्याच माणसावर संशय घेता होय, ग्रामपंचायतीचा दाखला आणून देतो तेवढा बास. कायद्यानं हे करावंच लागतं का? आणि उद्या काही झालं तर जबाबदारी कुणावर?"

ताई, पालकांचं म्हणणं बरोबर आहे, आणि तुमच्या पोरावरची केस शिबिराच्या आड येत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र बसतात, घाबरून एकीसाठी दुसरी सोडू नका.

आधी कायद्याचं बघू. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, 2012 चा, त्याचे नवीन नियम आले 2020 मध्ये. त्यातल्या नियम 3 मध्ये म्हटलंय की ज्या संस्थेत मुलं राहतात किंवा जिचा मुलांशी नेहमी संबंध येतो, म्हणजे शाळा, पाळणाघर, स्पोर्ट्स अकॅडमी किंवा मुलांसाठीची दुसरी कुठलीही सोय, तिनं मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्यायचं, तेही ठराविक काळानं परत परत, आणि स्टाफला मुलांच्या सुरक्षेचं ट्रेनिंगही द्यायचं. आता नियमात शब्द आहे कर्मचारी, कायम असो नाहीतर कंत्राटी. तुमचे कार्यकर्ते बिनपगारी. त्यामुळं कुणी वकील उभा राहून म्हणू शकतो की हा नियम व्हॉलंटियरला लागू नाही, आणि तुमचं शिबिर वर्षातून एकदाच होतं हाही मुद्दा काढेल. पण माझं मत विचाराल तर त्या पळवाटेत शिरू नका. मूल रात्री ज्याच्या भरवशावर झोपतं त्याला पगार आहे की नाही हे त्या मुलाला काय कळणार? नियम ज्यासाठी केलाय ते कारण तुमच्या हॉलमध्ये शंभर टक्के आहे.

व्हेरिफिकेशनसाठी मंडळानं स्टेशनला जाऊन यादी देण्यापेक्षा प्रत्येकानं आपापला अर्ज करावा. कर्नाटकात तो सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर होतो, गावात 'ग्राम वन' (Grama One) या सरकारी सेवा केंद्रावर पण भरून देतात. अर्ज स्टेशनकडं जातो, पत्त्यावर चौकशी होते, मग सर्टिफिकेट. एप्रिलचं शिबिर असेल तर मार्चच्या शेवटाला जागं होऊन उपयोग नाही, फेब्रुवारीतच अर्ज टाका. आणि करायचं तर सगळ्यांचं करा, अध्यक्षांपासून स्वयंपाकाच्या मावशींपर्यंत, तुमचं स्वतःचं सुद्धा. चार जणांचं केलं आणि दोघांना सोडलं की मग तो संशय होतो. सगळ्यांचंच केलं तर कुणाला टोचायचं कारणच राहत नाही, लेझीमवाल्यांना पण हेच सांगा.

त्यांच्या ग्रामपंचायतीच्या दाखल्याचं म्हणाल तर तो रहिवासासाठी ठीक. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) किंवा पंचायतीचे अध्यक्ष यांच्याकडं पोलीस रेकॉर्ड नसतं, ते आपल्या माहितीप्रमाणे चांगला माणूस म्हणून लिहून देतात. आणि इथं सीमाभागात एक गोष्ट नेहमी राहून जाते बघा. आपली माणसं नोकरीला कोल्हापूर, पुणे, गोव्याला जातात, दहा-दहा वर्षं राहून परत येतात, आणि अर्जात फक्त खानापूरचा पत्ता टाकतात. मग चौकशी खानापूरच्याच पत्त्यावर होते. मधली वर्षं कोरीच. म्हणून त्यांच्याकडून कोल्हापूरच्या पत्त्यावरचं महाराष्ट्र पोलिसांचं सर्टिफिकेट पण मागा, तिकडंही ऑनलाइन सोय आहे. शिवाय ई-कोर्ट्सच्या साईटवर जिल्हा, वर्ष आणि नाव टाकून केस आहे का हे कुणालाही बघता येतं, फुकट आहे, पण एकाच नावाची चार माणसं निघतात, तेव्हा नाव दिसलं म्हणून लगेच बोभाटा करू नका, आधी त्या माणसालाच विचारा. लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांचा एक राष्ट्रीय डेटाबेस 2018 पासून आहे, पण तो फक्त पोलिसांसारख्या तपास यंत्रणांनाच बघता येतो. म्हणून तर पोलिसांमार्फतच जायचं.

आता पोराची केस. यात मला खरं तर जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडं आंदोलनाच्या केसमुळं कितीतरी पोरं पासपोर्ट, नोकरी, सगळ्यात मागं राहतात. तुम्ही लिहिलंय कलम 143 आणि 147, जुन्या भारतीय दंड संहितेतली, म्हणजे बेकायदा जमाव आणि दंगा. याचा मुलांच्या सुरक्षेशी काय संबंध? सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये अवतार सिंग केसमध्ये सरकारी नोकरीच्या व्हेरिफिकेशनबद्दल निकाल दिला, त्यात तरुण वयात घोषणा देण्यासारख्या क्षुल्लक प्रकरणाचं उदाहरणच दिलंय, अशात शिक्षा झालेली असली आणि ती लपवली गेली असली तरी नोकरी देणारा ते सोडून देऊ शकतो म्हणून. तुमचं मंडळ म्हणजे सरकारी खातं नव्हे, पण बघायची पद्धत तीच ठेवा: गुन्हा कसला, कधीचा, मुलांना त्यातून धोका आहे का. त्यानं लपवू नये एवढंच, फॉर्ममध्ये स्वतःहून लिहावं. मंडळानं ठरावात दोन ओळी लिहाव्यात की केस बघितली, मुलांशी संबंध नाही, काम द्यायला हरकत नाही.

पण थांबा, यात अजून एक आहे आणि ते कुणी बघितलेलं दिसत नाही. पीयूसी सेकंड इयर म्हणजे पोरगा सतरा वर्षांचा असायची बरीच शक्यता. त्याचं एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्सकार्ड काढा आणि जन्मतारीख घटनेच्या दिवसाशी ताडून बघा. त्या दिवशी अठरा पूर्ण नसतील तर ही केस मोठ्यांच्या कोर्टात चालायलाच नको होती, ती बाल न्याय मंडळाकडं जायला हवी. वयाचा मुद्दा केसच्या कुठल्याही टप्प्यावर, अगदी निकाल लागल्यावर सुद्धा काढता येतो, बाल न्याय कायदा 2015 कलम 9, आणि वयाच्या पुराव्यात शाळेचा किंवा एसएसएलसीचा दाखला पहिला धरतात. या दोन्ही कलमांची शिक्षा तीन वर्षांच्या आतली आहे, म्हणजे त्या कायद्यात हे किरकोळ गुन्ह्यात येतं, आणि किरकोळ गुन्ह्याची चौकशी बाल न्याय मंडळापुढं पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिने, वाढवून आणखी दोन, एवढ्यात पुरी झाली नाही तर प्रकरण तिथंच बंद. आणि केस चालू असो की बंद झालेली, त्याच कायद्याच्या कलम 74 प्रमाणे पोलिसांना चारित्र्याच्या दाखल्यासाठी ते रेकॉर्ड कुणाला सांगता येत नाही. एफआयआरमध्ये वय एकोणीस लिहिलं असेल तरी घाबरायचं नाही, तिथं अंदाजानं आकडे टाकलेले असतात. पुढच्या तारखेला वकिलांना मार्क्सकार्ड दाखवा आणि अर्ज द्यायला लावा, पोराचं आयुष्य मोकळं होईल.

आता एक सांगते ते पालकांनाही वाचून दाखवा. कोरं सर्टिफिकेट म्हणजे फक्त एवढंच की रेकॉर्डवर काही नाही. पोक्सोच्या बलात्काराच्या केसेसमध्ये बहुतेक वेळा आरोपी त्या मुलाच्या ओळखीतलाच असतो, एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) आकड्यांत हे प्रमाण 90 टक्क्यांच्या वर आहे, आणि ओळखीतल्या माणसाची तक्रार सहसा स्टेशनपर्यंत पोचतच नाही. म्हणून कागदापेक्षा शिबिराची शिस्त महत्त्वाची. रात्री दोन वाजता एखाद्या पोराचं पोट दुखायला लागलं, तर त्याला एकट्या कार्यकर्त्यानं गाडीवर बसवून दवाखान्यात न्यायचं नाही, दोघं जायचं आणि आईला फोन करूनच निघायचं. मलप्रभेवर पोहायला नेताय तर कपडे बदलायला मुलांची वेगळी सोय, तिथं मोठ्यांनी फोन घेऊन उभं राहायचं नाही. मुलींच्या बाजूला बायका कार्यकर्त्या मुक्कामाला हव्यात, संध्याकाळी घरी जाणाऱ्या नव्हे. पर्सनल व्हॉट्सॲपवर पोरांशी बोलणं नाही, जे काय असेल ते पालकांच्या ग्रुपवर. हे सगळं एका पानावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या.

जबाबदारीचं विचारलंत. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झालाय हे कळलं, किंवा होईल अशी भीती जरी वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पोक्सो कलम 19. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड, कलम 21. चांगल्या हेतूनं कळवलं आणि नंतर काही निघालं नाही तर तुमच्यावर बालंट येत नाही, तेही त्याच कायद्यात आहे. गावात सवय अशी की आधी पंच बसतात, दोन्ही घरं बोलावतात, मिटवून टाकतात. पोक्सोत मिटवणं नसतं ताई, आणि मिटवायला बसलेले पंच सुद्धा न कळवल्याबद्दल अडकू शकतात. मुलानं काही सांगितलं तर शांतपणे ऐकून घ्या, खोदून खोदून विचारू नका, त्याचं नाव ग्रुपवर टाकू नका, त्याच्या घरच्यांना बोलवा, आणि खानापूर पोलीस स्टेशनला लगेच फोन करा, शिवाय 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला पण, किती वाजता केला ते वहीत लिहून ठेवा. मंडळाची मीटिंग त्यानंतर.