वाचक विचारतात : शहरात रोज वापरायला कोणती सायकल घ्यावी?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात शेती करतो. मोठ्या मुलीला यंदा अमरावतीला प्रवेश मिळाला असून खोली, कॉलेज आणि बाजार असे तिचे रोजचे येणेजाणे सायकलनेच होईल. शाळेत मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली तिची सायकल आता धाकटी वापरते. तालुक्याचा दुकानदार जाड टायरची, शॉकअप असलेली गिअरची सायकल सुचवतो आणि ती पांदणीवरही चालेल असे सांगतो. साधी लेडीज सायकल त्याला जुनाट वाटते. कोणती घ्यावी?
– एक वाचक

उत्तर : दुकानदाराला जुनाट वाटणारी सायकलच आपल्या मुलीसाठी योग्य आहे. जाड, गाठीगाठींचे टायर डांबरी रस्त्यावर सायकल जड करतात. स्वस्त सायकलीचा शॉकअप वजन वाढवतो, उभे राहून पायडल मारताना पायाचा काही जोर वाया घालवतो आणि गंजला की अडकून बसतो. पांदणीचे म्हणाल, तर पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत कोणतीच सायकल चालत नाही, आणि गाठींचा टायर उलट चिखल अधिक धरतो. गिअरही सपाट शहरी रस्त्यावर अत्यावश्यक नाहीत. 26 इंची चाकाच्या साध्या सायकलीत पुढे 44 आणि मागे 18 दाते असल्यास पायडलाच्या एका फेऱ्यात सुमारे 5 मीटर अंतर कापले जाते, आणि रोजच्या वापराला तेवढे पुरते.

मात्र ‘26 इंची’ एवढ्यावर विसंबू नये. 26 × 1 3/8 हा टायर 590 मिलिमीटरच्या रिमवर बसतो, तर 26 × 1.75 हा 559 मिलिमीटरच्या. दोन्हींना 26 इंचीच म्हणतात, पण एकाचा टायर दुसऱ्याला कधीच बसत नाही. टायरच्या कडेवर 37-590 किंवा 47-559 असा आकडा छापलेला असतो, तो वहीत उतरवून घ्यावा आणि मुलीच्या खोलीजवळच्या पंक्चरवाल्याकडे त्या मापाचे टायर-ट्यूब मिळतात का, हे सायकल घेण्याआधीच विचारावे.

सायकल घेताना मुलीला सोबत न्यावे. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली असता गुडघा जवळजवळ सरळ व्हावा. रहदारीची सवय होईपर्यंत सीट थोडी खाली ठेवली तरी चालेल. पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकावर जाळी नसेल तर ओढणी अडकण्याचा धोका राहतो, म्हणून या दोन गोष्टींवर तडजोड करू नये. मडगार्ड, कॅरिअर व स्टँड हवेतच. पुढची टोपली दिसायला छान असते, पण तिच्यात जड दप्तर ठेवल्यास हँडल ओढले जाते. ते मागे कॅरिअरवर बांधावे. लोखंडी रिमवर पाऊस पडला की ब्रेक फार उशिरा लागतो, त्यामुळे थोडे पैसे अधिक पडले तरी ॲल्युमिनियमची रिम मागावी. स्वस्त डिस्कब्रेकच्या मोहात पडू नये.

शक्य असल्यास खरेदी अमरावतीतच करावी, कारण नव्या सायकलीचे आरे व ब्रेक सुरुवातीच्या काही आठवड्यांत सैल पडतात आणि ते आवळून देण्याचे काम विकणाऱ्याकडून बोलून घेता येते. उन्हाळ्यात सायकल सावलीत लावायला सांगावे, कारण उष्णतेने वालट्यूब, म्हणजे हवा भरायच्या वालवर चढवलेली बारीक रबरी नळी, लवकर खराब होते. तिचा एक तुकडा दप्तरात असू द्यावा. पावतीवर फ्रेमचा नंबर लिहून घ्यावा आणि कुलूप नुसत्या चाकाला न लावता फ्रेमसह खांबाला अडकेल असे घ्यावे.