पुढचं काहीच दिसत नसताना देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की नोकरी गेली, दोन मुलं शिकतायत, आणि जो तो "देवावर विश्वास ठेवा" म्हणून फोन ठेवून देतो. हे वाक्य ऐकलं की माझंही डोकं फिरायचं. मी कीर्तनकार नाही, माझ्या वडिलांकडे बघून जे थोडंफार कळलं तेवढं सांगतो.

२०२० च्या मे महिन्यात पुण्यातली माझी नोकरी गेली आणि बायको-मुलांना घेऊन मी बीड जिल्ह्यात गावी आलो. आबा, म्हणजे माझे वडील, माळकरी, २६ वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी चाललेले. जूनमध्ये पाऊस बरा झाला म्हणून आम्ही तीन एकर सोयाबीन पेरलं. आठ दिवसांनी बघतो तर ओळीच्या ओळी मोकळ्या. बियाणंच उगवलं नव्हतं. मराठवाड्यात त्या वर्षी अशा तक्रारी गावोगाव होत्या. त्यात करोनामुळे पायी वारी बंद. ३० जूनला, दशमीच्या दिवशी, माऊलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला निघाल्या, ते आम्ही मोबाईलवर पाहिलं. आबा काही बोलले नाहीत. ओसरीवर टाळ घेऊन एकटेच हरिपाठ म्हणत बसले.

रात्री मी चिडून म्हणालो, "२६ वर्षं चाललात. काय दिलं तुमच्या विठोबानं?"

"मी त्याच्याकडं पगारावर होतो का?"

यावर मी काय बोलणार? माझा तर पगारच गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्यांकडून घरचं राखलेलं बियाणं उसनं आणलं. मला वाटलं, आता नारळ फोडून पेरतील. त्यांनी १०० दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळले आणि कोपऱ्यात ठेवले. रोज पाणी शिंपडायचं काम माझ्या मुलीकडे. पाचव्या दिवशी पोतं उलगडलं तर ७८ दाण्यांना मोड आलेले. सत्तरच्या वर आले म्हणजे पेरायला हरकत नाही. मी विचारलं, "आबा, भरवसा आहे ना तुमचा?" तर म्हणाले, "विठोबावर आहे. बियाण्यावर नाही."

दुबार पेरणी झाली. पीक उभं राहिलं, आणि ऑक्टोबरच्या पावसात काढून ठेवलेली गंजी भिजली. निम्मंच हाती लागलं. "सगळं चांगलं होईल" असं आबा त्या पूर्ण वर्षात एकदाही म्हणाले नव्हते, हे मला तेव्हा लक्षात आलं. मी मात्र विश्वास म्हणजे तेवढंच समजत होतो, की शेवट गोड होणार याची खात्री. ती खात्री त्यांना कधीच नव्हती. त्यांना एवढंच पक्कं ठाऊक होतं की काहीही झालं तरी संध्याकाळी हरिपाठाला बसायचं आणि सकाळी शेतात जायचं.

आणि राग येत असेल तर येऊ द्या. गंजी भिजली त्या दिवशी आबा देव्हाऱ्यापुढे मोठ्यानं भांडले, आई आतून "हळू" म्हणत होती. हे आपल्याकडे जुनंच आहे. जनाबाईनं विठोबाला शिव्या घातल्यात. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली, मुलगा गेला, तेही देवाशी भांडलेत. भांडतो तो माणूस नातं धरून असतो. मला भीती वाटते ती नवसाची. "एवढं कर, मग अमुक देतो" हा व्यवहार झाला, आणि व्यवहार फसला की माणूस देवाचंही तोंड बघत नाही.

तुमच्यापुरतं म्हणाल तर घराचे हप्ते असतील तर बँकेत आजच जाऊन बोला. ओळखीच्यांना फोन करायला लाजू नका. ही तुमची शंभर दाण्यांची परीक्षा, ती विठोबा करणार नाही. नंतर मग दिवसातली दहा मिनिटं, काहीही न मागता, त्याच्यापुढे बसा. सुरुवातीला कंटाळा येतो. मला तर झोप यायची.

२०२२ ला पायी वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा मी आबांबरोबर गेलो. दिवे घाट चढताना माझे सारखे प्रश्न, मुक्काम कुठे, किती किलोमीटर राहिले, झोपायला जागा मिळेल ना. आबा म्हणाले, "मला काय ठाऊक? ट्रक पुढं गेलाय." दिंडीचा ट्रक सामान घेऊन आधीच पोचतो, आपण जाईपर्यंत राहुट्या लागलेल्या असतात. (भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, मात्र आधी भरावी लागते, तीही आबांनी वेळेवर भरली होती.)

पंढरपुरात दर्शनबारी काही किलोमीटर लांब होती. आबांनी कळसाला हात जोडले आणि सरळ स्टँडकडे निघाले. घरी कोळपणी राहिली होती. बसमध्ये टेकल्या टेकल्या मला म्हणाले, "मोबाईल काढ. पावसाचा अंदाज काय म्हणतोय बघ."